तिसरा कोरा खिळा

आमचे घरमालक दर शनिवारी सकाळी चहाबरोबर पेपर वाचत. फक्त तो पेपर सव्वाशे वर्षांपूर्वीचा असे.

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला त्यांच्या मागच्या अंगणात दोन खोल्यांची ग्रॅनी फ्लॅट होती. नागपूरहून आल्यावर मी आणि नवरा तिथे चार वर्षं राहिलो. स्टेशन सात मिनिटांवर, मेन स्ट्रीटवर मेथीपासून गोडा मसाल्यापर्यंत सगळं मिळायचं, आणि मालक चिनी, म्हणजे शांत असणार, असा आमचा अंदाज. किल्ली घ्यायला गेलो तेव्हा नवऱ्याने यूट्यूबवरून पाठ केलेला चिनी नमस्कार त्यांना म्हणून दाखवला. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सॉरी मेट, आय ॲम फ्रॉम डबो." डबो हे आतल्या भागातलं मेंढ्यांचं गाव. मालकांच्या चार पिढ्या ऑस्ट्रेलियातच गेल्या होत्या. चॉपस्टिक त्यांना माझ्यापेक्षा वाईट धरता यायच्या.

ते पेशाने केमिस्ट. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं आणि एकदाही चुकीची बाटली हातून गेली नाही, हे ते दर भेटीत सांगत. नीटनेटकेपणा त्यांच्या अंगात इतका मुरला होता की आम्हाला त्याची धास्ती वाटायची. नळ बंद केल्यावर तीनदा हात लावून पाहायचा. गाडी लॉक केल्यावर चारही दारं ओढायची. झाडाची लिंबं आम्हाला पिशवीत घालून देताना पिशवीवर लेबल लावायचे, 'लिंबं', आणि खाली तारीख. नवरा म्हणायचा, "एक दिवस हे आपल्यावर पण लेबल लावतील." ते लावलं नाही, पण आमच्या दारावर चिठ्ठ्या मात्र रोज असत. निळ्या टेपने चिकटवलेल्या, पट्टीने समास आखलेल्या, सुवाच्य इंग्रजीत. या आठवड्यात कचऱ्याचा पिवळ्या झाकणाचा डबा बाहेर ठेवा. प्लंबर आर्वोला, म्हणजे दुपारी, येईल. खिडकीवर कुकाबुरा पक्षी बसला तर त्याला पनीर घालू नका.

या चिठ्ठ्यांत एक गोष्ट मला खुपायची. अधूनमधून एखादी ओळ मध्येच सोडून दिलेली असे आणि पुढचा शब्द खालच्या ओळीवर, समासाच्या बाहेर, डावीकडे दोन अक्षरं सरकलेला. इतका काटेकोर माणूस आणि ओळ अशी वाकडी का, हे कळेना. मला हे खुपायचं कारण माझे बाबा. ते नागपुरात एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. माझ्या शाळेच्या वहीत अक्षर समासाला टेकलं तरी त्यांचं बोट तिथे टक्कन वाजायचं. शेवटी एक दिवस मी चिठ्ठी घेऊनच मालकांकडे गेले. त्या दिवशीची चिठ्ठी होती, 'हवी तेवढी लिंबं घ्या, हे झाड माझ्या बायकोने लावलं आहे.' त्यातला 'माझ्या बायकोने' हा भाग समासाबाहेर होता.

ते लाजले. मग मला आत घेऊन गेले आणि एका पानावर बोट ठेवून दाखवलं.

ते पान एका चिनी साप्ताहिकाचं होतं. चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या उतरत्या काळात इथे सिडनीत ते निघत होतं. बंदरावरचे हमाल, भाजीमळ्यातले माळी, सुतार, वाणी, सगळ्यांसाठी. चिनी ओळी उभ्या, वरून खाली. प्रत्येक ओळ वरून दोन घरं मोकळी सोडून सुरू व्हायची. पण मजकुरात राजाचा उल्लेख आला की चालू ओळ तिथेच अर्धी टाकायची आणि राजाचं नाव नव्या ओळीवर, त्या मोकळ्या दोन घरांत चढवून, सगळ्यांच्या डोक्यावर छापायचं. राजाला कोणाच्या रांगेत उभं करायचं नाही, असा रिवाज. मालकांना तो फार आवडला. इंग्रजी आडवं असल्यामुळे त्यांना वर चढवता येईना, म्हणून ते डावीकडे बाहेर काढत. मानाची माणसं त्यांच्या हिशेबात तशी दोनच होती, बायको आणि आई. दोघी गेलेल्या.

त्या साप्ताहिकात त्यांचे पणजोबा कंपोझिटर होते.

हे ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले. माझे बाबापण तेच, असं मी म्हटल्यावर मालकांनी मला पहिल्यांदाच चहा विचारला. त्या दिवसापासून शनिवारी सकाळी माझी शिफ्ट नसली की मी त्यांच्या स्वयंपाकघरात असे.

पेपर वाचायची त्यांची तऱ्हा तर काय सांगावी. दुकान विकल्यावर बासष्टाव्या वर्षी ते चिनी शिकायला लागले, तेही सात-सात वर्षांच्या पोरांबरोबर, शनिवारच्या वर्गात. पहिल्या परीक्षेचं सर्टिफिकेट भिंतीवर लावलेलं होतं, त्यावर पांड्याचा स्टिकर होता. मग त्यांनी एका वाचनालयातून त्या साप्ताहिकाचे जुने अंक छापून आणले. ते एकगठ्ठा वाचायचे नाहीत असं ठरवलं. ग्रंथपालबाईंना गळ घालून प्रत्येक अंक वेगळ्या पाकिटात बंद करून घेतला, वर तारीख घालून. ज्या आठवड्याचा अंक त्याच आठवड्यात, सव्वाशे वर्षांनी, उघडायचा. पुढचं पाकीट फोडायचं नाही म्हणजे नाही. शब्दकोश, भिंग आणि पेन्सिल घेऊन ते तासाला चार ओळी वाचत आणि मग कुंपणावरून आम्हाला बातम्या देत. हाँगकाँगची बोट वादळाने अडकली आहे. एका न्हाव्याने चिनी पुरुषांनी वेणी कापण्याविरुद्ध संपादकाला पत्र लिहिलं आहे. चालू जगाच्या बातम्यांचं मात्र त्यांना वावडं होतं. देशात निवडणूक झाली तेव्हा ते त्या न्हाव्याला आलेल्या उत्तराची वाट पाहत होते.

एकदा एक निवेदन आलं. चीनमधल्या खेड्यातली आई ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे गेलेल्या धाकट्या मुलाला शोधत होती, तीन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. हे ऐकल्यापासून नवऱ्याला चैन पडेना. ऑफिसातून आला की विचारायचा, "अंकल, सापडला का तो?" मालक शांतपणे म्हणायचे, "शनिवारी कळेल." माणूस सापडला असला काय किंवा नसला काय, त्याला जाऊनही आता शंभर वर्षं झाली असतील, हे आम्हा तिघांच्याही लक्षात येत नसे.

पण पाकीट न फोडण्यामागे नुसता छंद नव्हता, हे मला वर्षभराने कळलं. त्यांना एका अंकाची भीती वाटत होती.

घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेली गोष्ट अशी. पीकिंगच्या राजमातेच्या वाढदिवसाचा शुभेच्छांचा मजकूर पणजोबांनी जुळवला, आणि तिचं नाव वर चढवायला विसरले. मोठा गहजब झाला. पुढच्याच अंकात साप्ताहिकाने माफी मागितली, 'कंपोझिटरच्या हलगर्जीपणामुळे' असं छापलं, आणि पणजोबांना काढून टाकलं. उरलेला जन्म त्यांनी कोबी लावण्यात घालवला. तेव्हापासून घरात कोणी कप फोडला, गाडी ठोकली, परीक्षेत प्रश्न सोडला की एकच बोलणं ऐकायला मिळे, हात कोणाचे ते दिसलं. मालकांच्या थोरल्या बहिणीने हे बोलणं लहानपणी त्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते केमिस्ट झाले आणि आयुष्यभर नळाला तीनदा हात लावत राहिले. बहीण आता नव्वदीत होती आणि दर वर्षी पितरांच्या सणाला, पणजोबांच्या थडग्यापाशी, सगळ्या पोराबाळांसमोर हीच गोष्ट रंगवून सांगायची.

"मला फक्त एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे," मालक मला म्हणाले. "खरंच चुकला असेल तर चुकला. मी निदान कोणाचं तरी ऐकून मान्य केलं असं होणार नाही."

तो अंक नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होता. आणि त्याच नोव्हेंबरात बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले.

बाबा आणि मालक यांची जोडी कशी जमली ते मी सांगू शकत नाही, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांना इंग्रजी अक्षरं येतात, इंग्रजी येत नाही. जन्मभर व्हिजिटिंग कार्डं जुळवली, पण त्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. दोघं सकाळी अंगणात बसत. मालक पेपरमधल्या जाहिरातीतली चिनी अक्षरं दाखवत, बाबा त्यातले रेघांचे जोड मोजत. एकदा मी शिफ्टहून आले तर बाबा हवेत बोटं नाचवून खिळे उचलायची लकब दाखवत होते आणि मालक वहीत टिपून घेत होते. आमच्या फ्लॅटमधल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे मालक एक लिंबू ठेवून जायला लागले. लेबल लावून.

शनिवार उजाडला. अंगणात जॅकरांडाच्या फुलांचा जांभळा सडा पडला होता आणि मालकांनी तो झाडलेला नव्हता, त्यावरूनच मला कळलं की आज ते ठीक नाहीत. त्यांनी पाकीट कात्रीने कापलं. पानं टेबलावर पसरली. भिंग घेतलं. राजमातेच्या शुभेच्छांचा मजकूर दुसऱ्या पानावर होता. त्यांना शोधायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. आधीची ओळ रिवाजाप्रमाणे अर्धी सोडलेली होती, नव्या ओळीवर राजमातेचं नाव होतं, पण वर चढवलेलं नव्हतं. पानावरची सगळी नावं, बोटीचा कप्तान, चहाचा व्यापारी, तो न्हावी, त्यांच्यापेक्षा राजमाता तसूभरही उंच नव्हती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "वेल, देअर यू गो," असं म्हणाले आणि किटली लावायला उठले. पाठ आमच्याकडे होती. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचं ओझं उतरेल या आशेने उघडलेलं पाकीट, आणि निघाली ती बहिणीचीच गोष्ट. मला फार वाईट वाटलं.

बाबांना काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी पान आपल्याकडे ओढलं. चिनी त्यांना शून्य. पण पान कसं वाचायचं असतं ते त्यांना माहीत होतं, म्हणजे मजकूर सोडून. त्यांनी अंगठ्याचं नख सगळ्या ओळींच्या माथ्यावरून सावकाश फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. त्या ओळीपाशी नख थांबलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच थांबलं.

"पट्टी आण," ते म्हणाले.

पट्टी लावली. राजमातेची ओळ बाकीच्या ओळींच्या बरोबरीनेही नव्हती. ती एक घर खाली होती. दोन घरांऐवजी तीन घरं मोकळी.

"यानं विसरून केलं म्हणतात ना? सांग त्यांना," बाबा म्हणाले, "ओळीच्या डोक्यावर दोन कोरे खिळे घालायची हाताला सवय असते. विसरला असता तर दोन पडले असते. तिसरा हाताला सापडत नाही, तो शोधून घालावा लागतो. चुकीनं काम कमी होतं, वाढत नाही. हे चुकून नाही झालं."

कोरा खिळा म्हणजे अक्षर नसलेला शिशाचा तुकडा, नुसती जागा सोडण्यासाठी. मी हे सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत किटली शिट्टी घालत होती आणि मालक ती बंद करायला विसरले होते. बाबांना जोर चढला. खिळा निसटून ओळ खाली आली असेल का, हा प्रश्न मालक विचारणार हे ओळखून त्यांनी आधीच उत्तर दिलं. पान चौकटीत आवळलेलं असतं, निसटलं असतं तर अक्षरं तिरकी झाली असती. मग मालकांनी वरच्या कोपऱ्यातली एक ओळ दाखवली. त्याच मजकुरात राजाचं नाव होतं, आणि ते मात्र दोन घरं वर, दिमाखात चढलेलं होतं.

आता मालक सांगू लागले आणि आम्ही ऐकू लागलो. त्या काळात राजमातेने तरुण राजाला महालातच कोंडून ठेवलं होतं. देश सुधारू पाहणारे लोक राजाच्या बाजूचे. सिडनीतही दोन तट पडले होते, आणि साप्ताहिक बिचारं दोघांचीही मर्जी सांभाळून होतं. म्हणजे संपादकाने राजमातेला शुभेच्छा लिहिल्या आणि पणजोबांनी तिला वर न चढवता, उलट रांगेच्याही एक पायरी खाली उतरवलं.

"पण छापायच्या आधी कोणी पाहिलं कसं नाही?" मालकांनी विचारलं.

बाबा हसले. "छापलेलं सगळे तपासतात. कोरं कोण तपासतं?"

मालकांनी पट्टी पुन्हा एकदा ओळीवर लावून पाहिली. मग म्हणाले की चाळीस वर्षं मी प्रत्येक बाटली तीनदा तपासली, आणि हे एक पान एकदाच पाहून मान्य केलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. किटली शेवटी मी बंद केली.

पुढच्या शनिवारी माफीचं निवेदन निघालं, अगदी घरात सांगत होते तसं, हलगर्जीपणा वगैरे. पण आता ते वाचायला मजा आली. चूक म्हटल्यावर प्रकरण मिटतं, म्हणून संपादकाने चूक म्हटलं असणार. पणजोबाही गप्प बसले, गावाकडे भाऊ होते, त्यांना त्रास व्हायला नको म्हणून असेल. मालकांनी ठरवलं की हे बहिणीला थडग्यापाशीच सांगायचं.

पितरांचा तो सण चीनमध्ये वसंतात येतो आणि आमच्याकडे पानं गळायला लागली की. बाबा तोवर नागपूरला परतले होते, पण मालकांनी मला आग्रहाने नेलं. तीस-चाळीस माणसं, संत्री, भाजलेलं डुक्कर, फोल्डिंग खुर्च्या, पोरं आयपॅड घेऊन बसलेली. बहीणबाई चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर लाल टोपी. त्यांनी आपली गोष्ट सुरू करायच्या आत मालक उभे राहिले आणि पानाची मोठी केलेली प्रत आणि पट्टी घेऊन सगळं सांगितलं. तीनदा तपासून. बहीणबाईंनी कानातलं मशीन नीट बसवलं, पट्टी स्वतःच्या हाताने लावून पाहिली आणि थडग्याकडे पाहिलं.

"म्हणजे हलगर्जी नव्हता तर," त्या म्हणाल्या. "चीकी होता. आगाऊ." मग भावाकडे वळून, "तू मग त्याच्यासारखा अजिबात नाहीस."

सगळे हसले. मालकही हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनाला लागलं असावं. त्या मंगळवारी आमच्या गल्लीत सगळ्यांचे पिवळे डबे बाहेर होते आणि मालकांचा हिरवा. मी सांगायला गेले तर ते खिडकीत पडद्याआड उभे राहून गल्लीकडे बघत होते. "आय नो, लव्ह," ते म्हणाले, आणि तोंडावर बोट ठेवलं. तेव्हापासून ते नळाला एकदाच हात लावायला लागले.

पुढे आम्ही मेलबर्नला पॉइंट कुकला घर घेतलं आणि तिकडे गेलो. गेल्या वर्षी त्यांचं एक पाकीट आलं. त्यांनी घराण्याचा इतिहास लिहून काढला होता, साठेक पानांचा, स्वतः टाईप केलेला. सोबत चिठ्ठी होती की उत्तरेकडे गेलेला तो मुलगा सापडला, केळीचा मळा करून होता, आळसापायी पत्र लिहिलं नव्हतं, आणि हे माझ्या नवऱ्याला ताबडतोब सांगावं. एक प्रत बाबांसाठी होती. त्या दिवाळीत मी ती नागपूरला घेऊन गेले.

बाबांनी चष्मा लावला. मजकूर वाचायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी प्रत्येक पानाच्या डाव्या समासावरून अंगठ्याचं नख वरून खाली फिरवायला सुरुवात केली, मी स्वयंपाकघरात आईशी बोलत बसले. राजमाता जिथे जिथे आली होती तिथे ओळीतच होती, ते मी आधीच पाहून ठेवलं होतं. तिसाव्या पानाच्या आसपास त्यांनी हाक मारली. पानावर दोन ओळी समासाबाहेर निघाल्या होत्या. पहिली कोणाची, त्यांनी विचारलं. पणजोबांची, मी सांगितलं. आणि ही खालची, असं म्हणून ते एकेक इंग्रजी अक्षर मोठ्याने वाचू लागले, व्हिजिटिंग कार्ड जुळवताना वाचायचे तसं. चौथ्या अक्षरावर थांबले.

ते त्यांचंच नाव होतं. पन्नास वर्षं त्यांनी लोकांची नावं जुळवली, लग्नपत्रिकांवर, जयंतीच्या पत्रकांवर, पाट्यांवर, पण स्वतःचं नाव छापलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी पट्टी मागितली. किती बाहेर काढलंय ते मोजलं. दोन घरं, बरोबर. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला आणि पुन्हा एकदा मोजलं.

"हे चुकून नाही झालं," ते म्हणाले.